पोळा व्हायचा आहे अन् काउंटरवर दिवाळीची चकली? एका मिठाईवाल्याचं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न वाचून आधी हसू आले, मग जरा लाज वाटली. तुम्ही म्हणता की नागपूरच्या मनीषनगरात तुमच्या घराजवळच्या दुकानात पोळ्याच्या आधीच 'दिवाळी स्पेशल' म्हणून चकली, शंकरपाळे, करंजीचे डबे लागले. हे शिळं तर नसते ना, आत्ताच घेऊन ठेवलं तर दिवाळीपर्यंत चालेल का, पोराला कॅनडात पाठवायचं आहे तर कधी घ्यावं, अन् या दुकानदारांना एवढी घाई काहून असते. लाज याची वाटली की मी पण त्याच धंद्यातला. इतवारीकडे आमचं मिठाई-फरसाणचं दुकान आहे, गल्ल्यावर आता पोरगा बसतो पण भट्टीकडे ३१ वर्षं मीच पाहिलं. अन् ही घाई मी पण एकदा करून बसलोय, ते खाली सांगतो.

आधी साधा हिशेब करा, त्याला कॅलेंडर पण लागत नाही. पोळा अमावस्येला, लक्ष्मीपूजन पण अमावस्येला, मधात भाद्रपद अन् आश्विन, म्हणजे सरळ दोन महिने. अन् घरच्या भाजणीची, व्यवस्थित मोहन घातलेली, मंद आचेवर तळलेली चकली घट्ट झाकणाच्या डब्यात फार फार तर तीन आठवडे चांगली राहते, नंतर ती खाता येते पण मजा नसते. मग पोळ्याला काउंटरवर असलेली चकली दिवाळीची कशी होईल? ती नुसती चकली आहे, तिच्यावर दिवाळीचं स्टिकर लावलं आहे. काल तळली असेल तर आज चहासोबत बिनधास्त खा, काही वाईट नाही त्यात. पण दिवाळीसाठी म्हणून घेऊन ठेवू नका. लवकर विकणे वेगळं अन् लवकर तळून ठेवणे वेगळं, अन् बोर्ड पाहून दोन्हीतला फरक कळत नाही, सगळी गडबड इथेच आहे.

माल किती दिवस टिकतो याचं सरकारनेच एक कोष्टक देऊन ठेवलं आहे, पण लोक वाचत नाहीत. १ ऑक्टोबर २०२० पासून एफएसएसएआयने, म्हणजे केंद्र सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, सुट्या मिठाईच्या ट्रेवर सुद्धा 'बेस्ट बिफोर', म्हणजे कोणत्या तारखेपर्यंत चांगलं, असं लिहिणे सक्तीचं केलं. त्यांच्या मार्गदर्शनात कलाकंद त्याच दिवशी संपवायचा, रसगुल्ला-रसमलाई वगैरे बंगाली माल दोन दिवस, पेढे अन् खव्याची बर्फी चार दिवस, काजू कतली सात दिवस, अन् बेसनाचे लाडू, चिक्की, गजक यांना ३० दिवसांपर्यंत. हे वाचलं की कळते की पूर्ण मिठाईत सगळ्यात जास्त दम धरणारा बेसनाचा लाडू, अन् त्याला पण एकच महिना दिला आहे. म्हणून एखाद्याने तुम्हाला 'आत्ता घेऊन ठेवा मॅडम, दिवाळीला भाव वाढतात' म्हणून पेढ्याचा डबा दिला तर तो तुमच्या भल्यासाठी बोलत नाही हे पक्कं.

आता तळणाचं सांगतो, कारण लोकांची खरी फसगत तिथे होते. तळलेला माल दोन तऱ्हेने मरते. एक म्हणजे सादळते, दुसरं म्हणजे खवट होते, अन् बरेच लोक दोन्हीला 'शिळं झालं' म्हणून मोकळे होतात. सादळणे म्हणजे ओल घेणे. चकली कढईत टाकली की बुडबुडे येतात ना, ते आतलं पाणी बाहेर पडत असते, बुडबुडे पूर्ण बसल्यावर काढायची असते. सीझनच्या गडबडीत कारागीर आच मोठी करतो, वरून रंग मस्त येते अन् आत ओल राहते, मग तीच ओल चार दिवसांत हळूहळू बाहेर येऊन पूर्ण चकली मऊ पाडते. नाही तर गरम माल डब्यात भरला, झाकणाला वाफ धरली, तरी तेच. अन् नागपूरच्या श्रावण-भाद्रपदाची हवा तुम्हाला माहीतच आहे, मिठाच्या बरणीला पाणी सुटते तिथे चकलीचं काय घेऊन बसलात. पण सादळलेल्या मालाला उपाय आहे, मंद ओव्हनमध्ये नाही तर जाड बुडाच्या कढईत थोडं गरम करा, गार होऊ द्या, पुन्हा कुरकुरीत होते.

खवटपणाला उपाय नाही. तेलाला हवा, उजेड अन् गरमी लागली की ते बिघडते, मग वर कितीही मसाला टाका, जिभेच्या मागच्या बाजूला तो कडसर, जुन्या कपाटासारखा वास येतेच. आपल्याकडे पाऊस गेला की ऑक्टोबरची जी गरमी पडते ती खास या कामासाठीच असावी असं मला वाटते. म्हणजे पाहा, पोळ्याच्या आसपास तळलेला माल आधी भाद्रपदात सादळणार अन् त्यातून वाचला तर ऑक्टोबरमध्ये खवट होणार. कंपन्यांच्या पाकिटात नायट्रोजन भरलेला असते म्हणून ते महिनोन्महिने चालते, पण प्लास्टिकच्या पारदर्शक डब्यात टेप लावून ठेवलेल्या चकलीत नायट्रोजन नसते हो, तिथे आपली नागपूरची हवाच भरलेली असते. तो डबा ट्यूबलाइटखाली ठेवला असेल तर आणखीनच.

माझीच गोष्ट सांगतो. २०११ ला लक्ष्मीपूजन २६ ऑक्टोबरला होते, २०१२ ला अधिक भाद्रपद आला अन् ते १३ नोव्हेंबरवर गेलं. आता मिठाईवाल्याला अधिक मास माहीत नसते असं नाही, उलट त्या महिन्यात जावयाच्या वाणाचे ३३-३३ अनारसे आम्हीच करून देतो. पण राजस्थानातले कारागीर मागच्याच वर्षीच्या हिशेबाने बोलावून बसलो होतो, ते आले, त्यांना रिकामं बसवून रोजी द्यायची जिवावर आली, अन् त्यात समोरच्या दुकानाने बोर्ड लावून टाकला. मग काय, मी पण ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात घाणे काढले. पितृपक्ष सुरू होता, कुत्रं फिरकले नाही दुकानात. ८० किलो चकली, चिवडा वेगळा, सगळा माल डब्यात भरून वरच्या माळ्यावर ठेवला, अन् माळ्याला टिनाचं छत. दसऱ्यानंतर एक जुन्या गिऱ्हाईक काकू डबा परत घेऊन आल्या अन् भांडल्या पण नाहीत, नुसतं म्हणाल्या, 'बावा, तुझ्या बाबांच्या हातचं तेल असं लागत नव्हतं.' कारागीर म्हणे चुरा करून मिक्स फरसाणात टाकू, लिंबू-साखर वाढवू, कोणाला कळणार नाही. अन् खरं सांगतो, मी हो म्हणायच्याच बेतात होतो. बाबा तेव्हा खुर्चीवर बसून असायचे, त्यांनी सगळे डबे खाली उतरवायला लावले अन् रिकामे करायला लावले, मला एक शब्द बोलले नाहीत, तीन दिवस.

म्हणून सांगतो, मिक्स फरसाण सीझनच्या दिवसांत घेताना जरा पाहून घ्या. धंद्यात उरलेला माल कुठे जिरते ते मी पाहिलं आहे.

आता घाई काहून. लोकांना वाटते दुकानदार हावरट आहेत. असतात काही, पण नुसतं तेवढंच नाही. दिवाळीचे छापील डबे दोन-तीन महिने आधी ऑर्डर करावे लागतात अन् ते आले की ठेवायला जागा नसते, मग काउंटरवरच लागतात, अन् रिकामे डबे लावण्यापेक्षा भरलेले बरे दिसतात. कारागीर ठरवावे लागतात, त्यांना उचल द्यावी लागते, ती उचल वसूल करायला भट्टी चालू ठेवावी लागते. ऑफिसांच्या गिफ्टच्या ऑर्डरी गणपतीतच पक्क्या होऊन जातात, त्यांना सॅम्पल दाखवायला माल लागते. भाडं दर महिन्याला द्यायचंच आहे, अन् श्रावणातल्या राखीनंतर गणपती-महालक्ष्मी सोडले की मधात मिठाईचा धंदा थंड असते, पितृपक्षात तर विचारूच नका. आमच्या लहानपणी पितृपक्ष उठल्याशिवाय दिवाळीचं नावच नव्हतं घेत कोणी, घटस्थापनेनंतर भाजणी दळायला जायची. आता ती लाज मोडली. एकाने बोर्ड लावला की दुसऱ्याला लावावाच लागते, नाही तर गिऱ्हाईक म्हणते यांच्याकडे काही तयारीच नाही. अन् दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपवर तर बारा महिने चकली आहे, तिथे पोळा काय अन् पाडवा काय.

पण याच्यात एक गोष्ट माझ्या डोक्यात बसत नाही. भाव वाढायच्या आधी चणा डाळ, साखर, तेल घेऊन ठेवणे यात अक्कल आहे, आम्ही पण घेतो. डाळ महिना-दोन महिने थांबते. तळलेला माल कशाला थांबवायचा? अन् लवकर पॅकिंग करून फसल्याचं ताजं उदाहरण आहेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून पॅकबंद नमकीनवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, तेव्हा ज्यांनी घाईने जुन्या किमतीचे डबे छापून, भरून ठेवले होते ते बसले स्टिकर चिकटवत.

आता उलट बाजू पण सांगतो, नाही तर म्हणाल काका एकतर्फी बोलून राहिले. काही माल असा आहे की तो लवकरच करायला पाहिजे. अनारशाचं पीठ घ्या. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, कापडावर सुकवायचे, थोडे दमट असतानाच कुटून चाळायचे, गूळ मिसळून गोळे करून ठेवायचे, अन् ते मुरायला पाहिजे. हे पीठ महिनाभर आधी दुकानात दिसले तर खुश व्हा, घेऊन ठेवा. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी केलेल्या पिठाचा अनारसा कढईत विरघळते, मग बायका तुपाला दोष देतात. संक्रांतीचा हलवा पण तसाच. साखरेच्या पाकाचे थेंब देत देत तासन् तास हलवायचा, कोरडी थंडी असली तरच त्याला चांगला काटा येते, म्हणून डिसेंबरच्या थंडीत करून ठेवतात, अन् ती नुसती साखर असल्याने हलव्याचे दागिने आधी घेतले तरी काही बिघडत नाही, फक्त ओल लागू देऊ नका. होळीच्या साखरेच्या गाठ्यांचं पण तेच. पण तिळाचे लाडू, तिळाची पोळी आधी घेऊ नका, तिळात तेल भरपूर असते अन् ते खवट होते. ख्रिसमसचा प्लम केक नोव्हेंबरमध्ये नागपूरच्या सदरकडे दिसायला लागला की लोक नाक मुरडतात, पण त्यातला सुका मेवा कित्येक आठवडे आधी भिजत घातलेला असते अन् तो केक मुरल्यावरच चांगला लागते, तिथे लवकर म्हणजे वाईट नाही.

माझी भाची इंग्लंडमध्ये राहते, ती सांगते की तिकडे तर नवीन वर्ष लागत नाही तोच दुकानात हॉट क्रॉस बन येतात, जे खरं म्हणजे गुड फ्रायडेचे, अन् ख्रिसमसच्या मिन्स पाय, म्हणजे सुक्या मेव्याचं सारण भरलेल्या छोट्या पाय, सप्टेंबरमध्येच. तिकडचे लोक पण दरवर्षी चिडतात म्हणे. पण बन म्हणजे पावच, तो काही जानेवारीत भाजून गुड फ्रायडेपर्यंत ठेवत नाहीत, रोज ताजा येते. तिथे शिळेपणाचा प्रश्न नाही, सणाचा पदार्थ सणाआधीच खाऊन खाऊन कंटाळा येण्याचा आहे. आपल्याकडे पण ते व्हायला लागलं आहे हो. माझ्याच घरी नातवंडं पोळ्यापासून चकली खाऊन राहिली असतात, मग लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फराळाचं ताट समोर ठेवलं तर पोट्टे मोबाइलमधून डोकं वर काढत नाहीत. संत्रा बर्फी पण बारा महिने मिळते, संत्रं झाडावर असो नसो, पण ती सणाची कधी नव्हतीच म्हणून तिच्यावर कोणी ओरडत नाही.

आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे ईडा पीडा घालवायला काढलेला बाईचा पुतळा, निघते, सोबत गावभरच्या तक्रारींचे बडगे, म्हणजे गड्यांचे पुतळे, निघतात. एखाद्या मंडळाने पोळ्याच्या चकलीचा पण बडगा काढावा. ईडा पीडा घेऊन जा गे मारबत, अन् जाता जाता हे डबे पण घेऊन जा!

बरं, दुकानात गेल्यावर काय करायचं. 'ताजं आहे का' असं विचारू नका, त्याचं उत्तर ठरलेलं आहे. 'हा घाणा कोणत्या तारखेचा' असं विचारा. ज्याच्याकडे रोज भट्टी चालते तो पटकन सांगते, जो अडखळते किंवा पॅकिंगची तारीख दाखवते तिथे थांबा, कारण पॅकिंग काल झालं तरी तळण पंधरा दिवसांपूर्वीचं असू शकते. डब्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी लायसन्स नंबर पाहा. चिवडा घ्यायचा असला तर पोहे चाखू नका, त्यातला खोबऱ्याचा काप अन् एक शेंगदाणा तोंडात टाका, चिवड्यात सगळ्यात आधी तेच खवट होतात, अन् मसाल्यात लपत पण नाहीत. चकली मोडून पाहा, मधात रंग ओलसर-गडद दिसला तर ती चार दिवसांत मऊ पडणार. करंजीत ओलं खोबरं असेल तर एक-दोन दिवसांच्या वर ठेवायची नाही, सुक्या खोबऱ्याची असेल तर दोन आठवडे जाते. तळणाच्या तेलाबद्दल पण विचारायला लाजू नका, १ जुलै २०१८ पासून तेलातले टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवून तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायला मनाई आहे, अन् ते मोजायचं मीटर पण मिळते. किती दुकानांत आहे ते मी बोलत नाही.

अन् खरं सांगू का, फराळासाठी आमच्यासारख्या दुकानापेक्षा तुमच्या भागातल्या बचत गटाच्या बायका बऱ्या. त्या ऑर्डर आधी घेतात, शेवटच्या आठ-दहा दिवसांत तळतात. आगाऊ पैसे द्या, भाव पक्का करून घ्या, माल मात्र उशिरा उचला. आता आमच्या दुकानात पण २०१२ पासून हाच नियम आहे, कोजागिरीचं दूध आटल्याशिवाय चकलीचा घाणा काढायचा नाही. कोजागिरी ते लक्ष्मीपूजन पंधरा दिवस, चकलीला तेवढे बरोबर झेपतात. पोरगा कुरकुर करते, समोरच्याचा बोर्ड दाखवते, मी म्हणतो तू पण बोर्ड लाव, बुकिंग घे, कढई चढवू नको.

राहिलं तुमच्या मुलाचं पार्सल. इथे मात्र तुम्हाला घाई करावीच लागेल, कारण कुरिअरला दिवस लागतात अन् सणाच्या तोंडावर आणखी अडकते. यंदाची दिवाळी धरून चालायचं तर २०२६ ला लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, पुन्हा अधिक मासाचं वर्ष, म्हणून दसरा झाला की लगेच पार्सल निघालं पाहिजे. दुकानातला लावलेला डबा उचलू नका, सांगून करवून घ्या, पार्सल निघायच्या दोन दिवस आधीचा घाणा. बेसनाचे लाडू, शंकरपाळे, शेव पाठवा. चकली पाठवायची असेल तर जरा जास्त तळून मागा अन् पूर्ण गार झाल्यावर, दुसऱ्या दिवशी पॅक करा. खव्याचं काहीच नको, दुधाच्या पदार्थांवर तिकडे कस्टमवाले अडवू शकतात, कुरिअरवाल्याला यादी आधीच दाखवून घ्या. चिवडा पाठवलाच तर खोबरं अन् शेंगदाणे न टाकता पाठवा, वेगळ्या पुडीत कच्चे द्या, तो तिकडे भाजून टाकून घेईल. अन् पाकिटात हवा राहू देऊ नका, व्हॅक्यूम करून देणारे आता इतवारीत पण मिळतात, फक्त शेव अन् चकली व्हॅक्यूममध्ये चुरा होते, त्यांना कडक डबा लागते.

पार्सलसाठी जास्तीचे लाडू करवून घ्याल तर त्यातले चार घरी ठेवा अन् दिवाळीपर्यंत पाहा, तारखेसहित डब्यावर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी कोणाकडून घ्यायचं ते तुम्हालाच कळेल.